लग्नाची पाटी : कुणाचे नाव, कुणाची जागा

राहू हे माझे गाव दौंड तालुक्यात आहे. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधला हा पट्टा राहूबेट म्हणून ओळखला जातो. ऊस आणि गुऱ्हाळांचा भाग. भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. आमच्या सोयरिकी दोन्ही तीरांवर पसरलेल्या, त्यामुळे लग्नसराईत नदीच्या अल्याडपल्याड सारखी ये-जा चालते. याच भागात मी बावीस वर्षे पेंटर म्हणून काम केले. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार सगळे केले, पण घर चालले ते लग्नांच्या पाट्यांवर. फ्लेक्स आल्यावर धंदा बसला आणि हात रिकामे झाले. मग जुन्या ऑर्डरींच्या वह्या, लग्नपत्रिका आणि भिंतींचे फोटो मी एका पेटीत जमवू लागलो. शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे वाचन वाचनालयात बसून, लागेल तसे केले.

या लेखाला कारण झाली माझी धाकटी बहीण. 2023 च्या मे महिन्यात तिच्या मुलीचे लग्न होते. मेहुणे चार वर्षांपूर्वीच वारलेले. घराच्या दर्शनी भिंतीवर जुन्या पद्धतीने रंगवून दे, अशी भाचीची हौस होती, म्हणून मी मजकूर लिहून घ्यायला बसलो. बहीण चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "दादा, इतक्या भिंती रंगवल्यास. माझ्यासारखीचं नाव कधी लिहिलंस का?"

मी वह्या काढून पाहिल्या. लिहिले नव्हते, आणि ते कधी माझ्या लक्षातही आले नव्हते.

अक्षरांच्या आधीच्या खुणा

लग्नाची पाटी ही अलीकडची गोष्ट. लिहिणारे आणि वाचणारे दोघेही कमी होते, त्या काळातही लग्नघर दुरून ओळखू येई, कारण अक्षरांऐवजी खुणा होत्या. दारावर आंब्याचे डहाळे, भिंतीवर चुना आणि गेरू, उंबऱ्याशी रांगोळी, मांडवाच्या पहिल्या खांबाला म्हणजे मुहूर्तमेढीला बांधलेला हिरवा पाला आणि हळदकुंकू. वाटसरू हे पाहूनच म्हणे, इथे कार्य आहे.

या सगळ्यांत मोठी खूण देवकाची. देवक म्हणजे कुळाचे चिन्ह. कुणाचे ते एखादे झाड, कुणाचे फूल, कुणाचे मोराचे पीस. मोऱ्यांचे मोरपीस सगळ्यांना माहीत आहे. पुष्कळ कुळांचे देवक पंचपालवी, म्हणजे आंबा, उंबर, वड, पिंपळ अशा पाच झाडांच्या डहाळ्या. पाच झाडे कोणती, हे गावागणिक थोडे बदलते. आर. ई. एन्थोवेन यांचा मुंबई इलाख्यातील जातीजमातींवरचा ग्रंथ 1920 ते 1922 या काळात तीन खंडांत निघाला. त्यात अशा देवकांच्या याद्या आहेत. देवकाचा उपयोग केवळ पूजेपुरता नव्हता. दोन्ही घरांचे देवक एकच निघाले तर सोयरीक होत नसे, कारण एका देवकाची माणसे भाऊबंद मानली जात. म्हणजे सोयरीक जुळवताना देवक विचारणे हे आजच्या भाषेत ओळखपत्र पाहण्यासारखे होते.

आता ही खूण आणतो कोण? आमच्याकडे देवक आणायला जोडपे जाते. उपरण्याची आणि पदराची गाठ मारलेली असते, त्याच्या हातात कुऱ्हाड, तिच्या हातात पूजेचे ताट. वाजतगाजत मारुतीच्या देवळात जाऊन, पूजा करून, ते देवक मांडवात आणून बसवतात. बहुधा हा मान वराच्या किंवा वधूच्या आईबापांचा. त्यांतला एक नसेल तर चुलताचुलती किंवा मामामामी बसतात. एकट्या आईने देवक आणल्याचे मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलेले नाही.

आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पालघर-डहाणूकडच्या वारली समाजातही असेच दिसते. तिथे लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघाट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. तो लिहिण्याचा मान सुवासिनींचा. यशोधरा दालमिया यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या वारली चित्रांवरील पुस्तकाने ही परंपरा बाहेरच्या वाचकांपर्यंत नेली. 1970 च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी तीच चित्रभाषा भिंतीवरून कागदावर आणली, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र कागदावर आल्यावर ते पुरुषाच्या हाती आले आणि जगभर गेले. भिंतीवरच्या चौकाचा मान मात्र सुवासिनींचाच राहिला.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. लग्नाची खूण कोणती हे जितके ठरलेले असते, तितकेच ती कुणाच्या हाताने लागावी हेही ठरलेले असते. पुढे खुणांची अक्षरे झाली, तेव्हा हा दुसरा नियम अक्षरांबरोबर आला.

भिंत, मांजरपाट, फ्लेक्स

मी धंद्यात आलो तेव्हा लग्नाच्या पाटीचे दोन प्रकार होते. पहिला भिंतीचा. लग्नाआधी आठ दिवस दर्शनी भिंतीला चुन्याचा हात द्यायचा, खाली गेरूचा पट्टा ओढायचा. दाराच्या वर गणपती, दोन्ही अंगांना भालदार-चोपदार किंवा केळीचे खुंट, कधी हत्ती, कधी मोर. मध्ये "शुभविवाह", त्याखाली नावे, तारीख आणि वेळ. निळीत भिजवलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधून उचलून सोडायचा, की सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर शिरोरेषा बसवायची. आमच्या उस्तादांचा दंडक होता की एका दोऱ्यावर बसलेली नावे एका मानाची. म्हणून मजकूर घेताना ते आधी विचारत, "एका ओळीत कोण कोण?" यावरून भावाभावांत झालेली भांडणे मी पाहिली आहेत. थोरल्याचे नाव वर आणि धाकट्याचे खाली, यावर धाकट्याची हरकत नसे. पण थोरल्याचे जाड ब्रशने आणि धाकट्याचे बारीक ब्रशने, हे चालत नसे.

दुसरा प्रकार कापडाचा. मांजरपाटाला खळ देऊन, वाळवून, त्यावर एनॅमल रंगाने लिहायचे. हे कापड फाट्यावर किंवा वेशीत दोन खांबांना बांधायचे. वऱ्हाड येणार त्या दिशेला तोंड. लग्न उरकल्यावर कापड धुऊन त्याच्या पिशव्या शिवत. "स्वागत" अशी अर्धी अक्षरे असलेल्या पिशव्या बाजारात दिसत.

आमच्या भागात 2005 च्या आसपास फ्लेक्सची चलती सुरू झाली. रात्री मजकूर दिला की सकाळी तयार, रंगीत फोटोसकट. हाताच्या कामाला चार दिवस लागत आणि फोटो तर येतच नसे. मी फ्लेक्सला दोष देत नाही. गरिबाच्या लग्नालाही त्यामुळे मोठी पाटी मिळाली. पण दोन गोष्टी बदलल्या. पाटीवर नावांपेक्षा चेहरे वाढले. पूर्वी वधूवर, आईवडील आणि निमंत्रक एवढ्यावर भागत असे, आता पुढारी, त्यांचे कार्यकर्ते, मित्रमंडळ सगळे येऊन बसले. एका फ्लेक्सवर मी सोळा चेहरे मोजले. नवरीची आई त्यांत नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे, मजकूर विचारून घेणारा माणूसच मधून गेला. दुकानातल्या संगणकावर मागच्या लग्नाचा मजकूर उघडून नावे बदलतात. त्यामुळे जुन्या चालीत ज्यांना जागा नव्हती, त्यांना नव्या पाटीतही आपोआप मिळाली नाही.

थर्माकोलची अक्षरे मधल्या काळात फार चालली. 23 मार्च 2018 च्या राज्य शासनाच्या प्लॅस्टिक आणि थर्माकोलबंदीच्या अधिसूचनेनंतर ती कमी झाली, आणि आता कापडी किंवा लाकडी पट्टीवरची अक्षरे पुन्हा दिसतात. हाताने लिहिलेल्या पाटीला शहरात तर पुन्हा मागणी आहे, असे माझ्याकडे येणारी तरुण पोरे सांगतात.

पाटी निवडावी कशी

घरात कार्य असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून धंद्यातले चार अनुभव इथे नोंदवतो.

पाटी दोन कामांची असते. एक वाट दाखवायची, दुसरी मान द्यायची. लोक मानाच्या पाटीवर दहा हजार घालतात आणि वाटेच्या पाटीला विसरतात. पाहुण्याला मात्र आधी वाट हवी असते. माझ्या वहीत एक नोंद आहे : एकाच दिवशी, एकाच फाट्यावर, एकाच आडनावाची दोन लग्ने. दोन्ही पाट्यांवर नुसते आडनाव आणि बाण. एका लग्नाचे पन्नासेक पाहुणे दुसऱ्या मांडवात जेवले, काहींनी तिथेच आहेरही केला, आणि टोप्या घालून घेताना त्यांना घोटाळा कळला. तेव्हापासून मी वाटेच्या पाटीवर वधूवरांची पहिली नावे आणि कार्यालयाचे किंवा वस्तीचे नाव लिहिल्याशिवाय सोडत नसे. बाण वळणावर लावू नये. वळणाच्या अलीकडे, गाडी सावकाश करायला जागा राहील इतक्या अंतरावर लावावा. गोरज मुहूर्त असेल तर पाटीवर उजेड पडेल असे पाहावे.

अक्षराचा हिशेब सोपा आहे. दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंचीचे अक्षर लागते, म्हणजे शंभर फुटांवरून वाचायला दहा इंच. हा हिशेब मूळ अक्षराचा. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींच्या मध्ये अक्षराच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा सोडावी लागते. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि "सुनील" की "सुनीता" हे गाडीतून कळत नाही. पिवळ्यावर काळे सर्वांत लांबून वाचता येते. हिरव्यावर लाल संध्याकाळी दिसेनासे होते.

मांडवात सर्वांत उपयोगाच्या पाट्या तीन : पिण्याचे पाणी, जेवणाची रांग आणि बायकांचे स्वच्छतागृह. बावीस वर्षांत या तिसऱ्या पाटीची ऑर्डर मला एकदाच आली, आणि ती देणारी नवरीची शिक्षिका असलेली मावशी होती.

आहेर नको असेल तर पत्रिकेत लिहावे, कारण मांडवाच्या दारात लिहून उपयोग नाही. तोवर पाहुण्याच्या हातात पाकीट आलेले असते. रस्त्यावर पाटी लावायची तर परवानगी घ्यावी. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात 1995 चा कायदा आहे, आणि बेकायदा फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये कडक निर्देश दिले आहेत. विजेच्या खांबाला पाटी बांधू नये. आणि छापायला देण्यापूर्वी मजकूर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. कोण राहिले, हे त्यालाच कळते.

पाटीवरून पाहुण्याला बरेच काही न सांगता कळते. "शुभविवाह" की "मंगल परिणय", यावरून घर ओळखता येते. "मंगल परिणय" हे शब्द, बुद्ध आणि बाबासाहेबांचे चित्र, हे बौद्ध घरच्या लग्नाचे. पूर्वीच्या खुणा टाकून नव्या खुणा निवडल्या, हे त्या घराने जगाला सांगितलेले असते. म्हणजे खूण बदलता येते. ती बदललेली आहे, आणि आपल्याच डोळ्यांसमोर बदललेली आहे.

चि., सौ. आणि गं. भा.

आता पाटीवरच्या सर्वांत लहान अक्षरांकडे येतो. नावाआधीच्या या एकदोन अक्षरांकडे मी पेंटर असताना नुसता जागा भरण्याच्या हिशेबाने पाहत असे.

नवऱ्यामुलाच्या नावाआधी "चि.", म्हणजे चिरंजीव. नवरीच्या नावाआधी "चि. सौ. कां.", म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. सौभाग्याची इच्छा करणारी. लग्न लागले की ती "सौ." होते. नवरा वारला की "गं. भा.", म्हणजे गंगा भागीरथी. पुरुष चिरंजीव असतो, मग "श्री." होतो, मग "कै.". त्याची एकही खूण बायको असण्यानसण्यावरून बदलत नाही. बायकोच्या साऱ्या खुणा नवऱ्यावरून ठरतात. हे मी शेकडो वेळा स्वतःच्या हाताने लिहिले आहे.

याचा पाटीवर काय परिणाम होतो ते पाहा. वडील वारलेले असतील तर मजकूर असा येतो : "कै. अमुक यांची कन्या". निमंत्रक म्हणून चुलत्याचे किंवा मामाचे नाव. ज्याला पाटी वाचता येणार नाही त्याचे नाव पाटीवर असते. जिने कर्ज काढले, बस्ता बांधला, दागिने मोडले, ती मांडवात फिरत असते आणि तिचे नाव कुठेही नसते. वडील हयात असतील तेव्हा "सौ. व श्री." असे आईचे नाव निदान जोडीने येई. ते गेले की आईही पाटीवरून जाते. मेहुणे जिवंत असताना थोरल्या भाच्याच्या लग्नात मी बहिणीचे नाव लिहिले होते. ते "सौ." होते. ती मला विचारत होती ते त्यानंतरच्या स्वतःबद्दल.

नवरीच्या नावाचीही एक गंमत आहे. सकाळच्या पाटीवर जे नाव असते, ते संध्याकाळपर्यंत टिकेलच असे नाही. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवे नाव लिहितो. तांदळावरचे नाव क्षणात पुसता येते, पण पुढे सगळ्या कागदांवर तेच चढते. अलीकडे पुष्कळ मुली नाव बदलत नाहीत, तरी ताटातले तांदूळ राहिले आहेत.

केडगाव ते हेरवाड

बहिणीच्या प्रश्नानंतर मी वाचत गेलो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा नव्याने दिसली. आमच्यापासून काही कोसांवर केडगाव आहे. रेल्वे पकडायला आम्ही लहानपणापासून तिथे जातो. त्याच केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी 1882 साली वारले. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्यास आणले, आणि दुष्काळाच्या वर्षांनंतर 1898 पासून केडगावास मुक्ती सदन उभे राहिले. निराधार बायका आणि मुली तिथे शेती, विणकाम शिकल्या, आणि छपाईही शिकल्या. रमाबाईंनी मराठीत केलेले बायबलचे भाषांतर छापण्यासाठी खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम तिथल्या बायकांनी केले. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी केडगावासच वारल्या.

मी अक्षरांच्या धंद्यातला माणूस, म्हणून हे मला फार लागले. शंभर वर्षांपूर्वी आमच्या शिवेपासून जवळ विधवा बायका शिशाचे अक्षर अक्षर जुळवून पाने छापत होत्या, आणि शंभर वर्षांनी आमच्या भिंतीवर विधवेचे नाव लिहायला जागा नव्हती. मिशनच्या भिंतीवरून मी कितीतरी वेळा गेलो असेन. आत छापखाना होता हे मला पन्नाशीत कळले.

पुढचे टप्पे वाचकांना ठाऊक असतील. मे 2022 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे सगळे बंद. 17 मे 2022 रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. एप्रिल 2023 मध्ये तत्कालीन महिला व बालविकासमंत्र्यांनी "विधवा" या शब्दाऐवजी "गं. भा." लिहिण्याचा विचार मांडला. त्यावर टीका झाली आणि तो केवळ चर्चेसाठी असल्याचा खुलासा करण्यात आला. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लागेल. म्हणजे सरकारी कागदावर आईचे नाव वडिलांच्या आधी आले. मांडवातली पाटी मात्र सरकारी कागद नाही. तिथला मजकूर घर ठरवते.

भाचीच्या लग्नाची भिंत

त्या एप्रिलमध्ये पेपरात "गं. भा." वरून वाद चालू होता आणि आमच्याकडे भिंतीवरून. भाचीचे थोरले चुलते निमंत्रक होते. त्यांनी दिलेल्या मजकुरात "कै." म्हणून मेहुण्यांचे नाव होते, त्यांचे स्वतःचे होते, दोन्ही आत्यांच्या यजमानांचे होते. मी बहिणीचे नाव घालायचे म्हणालो.

"पाहुणे, तुम्ही भिंत रंगवा. रीत आम्ही बघतो," ते म्हणाले. माणूस वाईट नाही. भाऊ गेल्यावर पुतणीच्या कॉलेजची फी त्यांनीच भरली. त्यांचे म्हणणे एवढेच होते की शुभकार्याच्या भिंतीवर ते बरे दिसत नाही, आणि मुलाकडच्यांना काय वाटेल.

घालायचे तर कसे, हाही प्रश्न होता. "सौ." लिहिता येत नव्हते. "गं. भा." लिहू नकोस, असे बहिणीने निक्षून सांगितले. "श्रीमती" हा खरे तर श्रीमानचा सरळ स्त्रीलिंगी शब्द, पण आपल्या मराठीत तोही विधवेपुरता उरला आहे. वाचणाऱ्याला त्यावरून कळायचे तेच कळते. शेवटी भाचीने तोड काढली. तिने मुलाकडे फोन करून सासूबाईंना सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "अगं, आईचं नाव आईसारखं लिहा की." चुलते यावर काही बोलले नाहीत. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

मी दोरा ताणला. एका ओळीत मेहुण्यांचे नाव, "कै." लावून. त्याच ओळीत बहिणीचे नाव, आधी काही न लावता. ब्रश एकच. नुसते नाव लिहायला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता. नावाआधी दोन अक्षरांची जागा सोडायची हाताला सवय होती.

लग्नात सगळे काही बदलले असे सांगितले तर ते खोटे होईल. देवक चुलताचुलतींनीच आणले. बहिणीने तो आग्रह धरला नाही. "एवढं एकदम नको," म्हणाली. अंतरपाटावर कुंकवाचे स्वस्तिक मात्र तिने काढले. भाचीने वाटी तिच्या हातात दिली आणि दोन बायका उठून बाजूला जाऊन बसल्या. एक लांबचे काका भिंत वाचून जेवायला थांबले नाहीत. मुलाकडच्यांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. बहुतेकांनी भिंत वाचलीच नसावी. पाटीचे असेच असते. जी नावे असतात ती कुणी वाचत नाही, जे नाव नसते ते मात्र ज्याचे त्याला दिसते.

चौकातला मोठा फ्लेक्स चुलत्यांनी छापून आणला होता. त्यावर बहिणीचे नाव नव्हते. तो आता त्यांच्या गोठ्यामागे कडब्यावर झाकलेला आहे. भिंतीवरचा चुना दोन पावसाळ्यांनी बराच उतरला आहे, भालदार गेला, चोपदार अर्धा राहिला, तरी दाराशेजारची ओळ अजून वाचता येते.

यंदा उन्हाळ्यात नदीपलीकडच्या शिरूर तालुक्यातल्या एका गावाहून एक बाई माझ्याकडे आल्या. मुलाचे लग्न काढले होते. कुणाकडून तरी भिंतीची हकीकत ऐकली होती. पिशवीतून चुरगळलेला कागद काढून त्यांनी मजकूर दिला, आणि मग म्हणाल्या, "माझं बी नाव टाका. पण मधी नको. कडंला, बारीक टाका."

मी त्यांना म्हणालो, बारीक अक्षर लांबून वाचता येत नाही, वाया जाते. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "तुमाला वाटंल तसं."

दुसऱ्या दिवशी भीमा ओलांडून गेलो. त्यांच्या मुलाने दोऱ्याचे एक टोक धरले, मी दुसरे. दोन्ही नावे एकाच दोऱ्यावर बसवली.